ओल्या अंगाची ओळख

गाय-वासराचं शिल्प आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की ते निरखून पाहायचं राहूनच जातं. देवळांच्या भिंतींवर ते आहे, आणि जमिनीच्या दानाची ग्वाही देणाऱ्या धेनुगळांवरही आहे. दक्षिण कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. त्यांच्यातल्या रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट आपल्या खारेपाटणात मिळाला. त्या काळात आणि पुढची काही शतकं असे दगड घडत राहिले. वासरू कासेला लागलेलं असतं आणि गाय मान मागे वळवून त्याला हुंगत-चाटत असते. ही मान पाथरवटाने केवळ शोभेसाठी वळवली, असं मानायचं कारण नाही. ज्याच्या दारात गाय व्याली आहे त्याने ती रोज पाहिलेली असते. कासेला लागलेल्याची शेपटीखाली हुंगून खात्री झाली की मगच गाय किंवा शेळी निवांत उभी राहते. वास परका निघाला तर लाथ बसते. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आई आणि पिल्लू यांच्यातला सगळ्यात जुना व्यवहार दगडात धरून ठेवला, आणि आपण त्याला वात्सल्याचं प्रतीक म्हणून पुढे निघून गेलो.

हा व्यवहार वासाचा आहे. त्याची वेळही ठरलेली आहे: जन्मानंतरचे पहिले काही तास. आजवर माणसाने या वेळेत पुन्हा पुन्हा हात घातला. कधी दुधाच्या लोभाने, कधी सोवळ्यापायी, आणि अलीकडे स्वच्छता व घाई यांच्या नावाखाली. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात गोठाही आहे, कासवांचा किनाराही आहे आणि प्रसूतिगृहंही आहेत. या तिन्ही ठिकाणी तो हात मागे घ्यायची वेळ झाली आहे, हे इथे मांडायचं आहे.

गोठ्यातली जाणती माणसं गाय व्यायला झाली की जरा लांब उभी राहतात. वासरू जमिनीवर आलं की गाय त्याच्या अंगावरचा चिकट, ओला थर चाटून काढते. पहिलटकरीण असली आणि चाटायला बिचकली, तर वासराच्या अंगावर मीठ किंवा कोंडा भुरभुरतात. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे धरायची रीत होती. ते हुंगत, चाटत गाय पान्हा सोडी. या रितीत करुणा किती आणि दुधाची निकड किती, हे ज्याने त्याने ठरवावं. पण त्यामागची जाण अचूक होती. पेंढा भरलेलं वासरू हंबरत नाही, हलत नाही, दुधाला तोंड लावत नाही. त्याच्याजवळ उरलेला असतो तो फक्त वास, आणि तेवढा गायीला पुरतो. वसुबारसेला सवत्स गायीची पूजा होते आणि त्या दिवशी घरातल्या बायका दूध-तूप वर्ज्य करतात. त्या दिवसापुरतं तरी दूध वासराचं आहे, हे समाजाने मान्य केलेलं होतं.

युरोपातल्या विद्वानांची वाट याच्या उलट गेली. १८७९ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने माणसाला वासाच्या बाबतीत दुबळ्या प्राण्यांच्या वर्गात बसवलं. माणसाच्या मेंदूतला वासाचा भाग बाकी मेंदूच्या मानाने लहान दिसतो, आणि वासामागे धावणं पशूला शोभतं, विचारी माणसाला नाही, अशी त्या काळाची धारणा होती. ती शंभर वर्षांहून अधिक टिकली. जॉन मॅकगॅन या अमेरिकी संशोधकाने २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सविस्तर लेख लिहून ती एकोणिसाव्या शतकातली दंतकथा असल्याचं दाखवलं. मधल्या काळात पिल्लू आईला कसं ओळखतं याचा अभ्यास झाला, तोही मुख्यतः डोळ्यांच्या अंगाने. १८७३ मध्ये डग्लस स्पॉल्डिंगने अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे जातात, हे नोंदवलं. १९३५ मध्ये कोनराड लोरेन्झने हंसांच्या पिल्लांवरून तोच विचार जगभर पोचवला. हंसांच्या पिल्लांबाबत ते खरंच आहे. पण जी पिल्लं मिटल्या डोळ्यांनी जन्मतात, त्यांचं काय?

उत्तराची सुरुवात रेशमाच्या पतंगापासून झाली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून, जवळजवळ वीस वर्षं खपून, मादी नराला बोलावण्यासाठी सोडते ते द्रव्य वेगळं केलं. वर्ष १९५९. त्याच वर्षी अशा द्रव्यांना फेरोमोन हे नाव मिळालं. एका जिवाच्या अंगातून निघालेलं द्रव्य दुसऱ्या जिवाला नेमकं काही सांगू शकतं, हे प्रयोगशाळेने मान्य केलं.

मग पाळी आली शेळीची. सिंधुदुर्गाला या प्रयोगाशी आपलं नातं वाटायला हरकत नाही. काळ्या तोंडावर पांढरे पट्टे असलेली कोकण कन्याळ ही आपल्या जिल्ह्याची शेळी. इथल्या मुसळधार पावसात आणि डोंगरउतारावरच्या झाडपाल्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या तगली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यात निळेलीच्या प्रक्षेत्रावर तिची जोपासना केली, आणि आज ती देशाच्या नोंदणीकृत जातींमध्ये आहे. कन्याळ पाळणाऱ्या घरात शेळीने करडाला जवळ न घेण्याची अडचण कधी ना कधी येतेच. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पीटर क्लॉपफर आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच अडचण मुद्दाम घडवून पाहिली. करडू जन्मताच आईला फक्त पाच मिनिटं दिलं आणि मग दूर नेलं. तीन तासांनी परत आणलं तरी तिने ते आपलंसं केलं. दुसऱ्या गटात ती पाच मिनिटंही दिली नाहीत. त्या शेळ्यांनी आपल्याच पोटच्या करडांना शिंगं दाखवली.

पुढे १९८० च्या सुमारास डेव्हिड गुबर्निक यांनी त्यात मोलाची भर घातली. आई नुसता वास लक्षात ठेवत नाही, चाटून आणि दूध पाजून ती करडावर स्वतःचा वास चढवतेही, असं त्यांच्या प्रयोगांनी सुचवलं. परक्या शेळीचं दूध प्यालेलं करडू शेळ्यांना जास्त परकं वाटतं. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी घडत असते. मेंढ्यांवर फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये झालेल्या कामाने शरीराच्या आतली साखळी उलगडली. कोकरू बाहेर येताना जननमार्ग ताणला जातो, त्या ताणाने मेंदूत ऑक्सिटोसिन स्रवतं, आणि मेंदूतलं गंधकेंद्र काही तासांपुरतं ओल्या मातीसारखं मऊ होतं. त्या वेळात जो वास उमटेल तो आपला. नंतर दार बंद होतं. एरवी मेंढीला गर्भजलाचा वास नकोसा असतो, पण व्याल्यावर तोच तिला ओढून घेतो.

आता पिल्लाकडून पाहू. मेंढीचं कोकरू एका दिवसाच्या आत स्वतःच्या आईकडे झुकू लागतं. रेमंड नोवाक आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी दाखवलं, की पोटात चीक गेला की ही ओढ घट्ट होते. अंतरावरून आईचा आवाज आणि रूप ओळखायला ते थोड्याच काळात शिकतं. पण अगदी जवळ, कासेच्या केसाळ कोपऱ्यात, वास लागतो. उंदराच्या पिल्लांचं चित्र तर याहून लख्ख आहे. १९७० च्या दशकात इलियट ब्लास आणि मार्टिन टायकर यांनी उंदरिणीचे सड धुऊन काढले, आणि आंधळी, उघडी पिल्लं त्यांना तोंडच लावेनात. त्यांवर गर्भजल किंवा आईची लाळ लावली की पिल्लं पुन्हा पिऊ लागत. व्याल्यावर उंदरीण स्वतःचं अंग चाटते तेव्हा पोटातल्या पाण्याचा वास ती सडांपर्यंत पोचवत असते. पिल्लू ज्या पाण्यात वाढलं त्याच पाण्याची खूण धरून ते दुधापर्यंत येतं. १९८२ मध्ये पेडर्सन आणि ब्लास यांनी जन्माआधी गर्भजलात सिट्रल मिसळलं. आपल्या परसातल्या गवती चहाला जो वास येतो तो याच द्रव्यामुळे. जन्मानंतर ती पिल्लं धुतलेल्या पण सिट्रलचा वास असलेल्या सडांना जाऊन लागली. शिकणं पोटातच सुरू झालेलं होतं.

सशिणीची गोष्ट याहून वेगळी. ती दिवसातून एकदाच बिळात येते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून जाते. तेवढ्यात सड सापडला नाही तर पिल्लाला उपाशी राहावं लागतं. २००३ मध्ये बेन्वा शाल आणि त्यांच्या चमूने सशिणीच्या दुधातून एकच रेणू वेगळा केला, ज्याच्या नुसत्या वासाने पिल्लू तोंड उघडून सड शोधू लागतं. हा रेणू कोणत्याही सशिणीच्या दुधात असतो. तो ‘ही आई’ असं सांगतो, ‘ही माझी आई’ असं नाही. ज्या बिळात एकच आई येते तिथे तेवढं पुरतं. कळपात राहणाऱ्या शेळी-मेंढीला मात्र नेमकं नाव लागतं, आणि ते नाव घरोघरी वेगळं असतं. निसर्ग गरजेपुरतंच खर्च करतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सहज सापडणार नाही.

आई-पिल्लाच्या या धाग्याचं ज्ञान माणसाने नेहमी चांगल्या कामाला लावलं, असं मात्र झालं नाही. शहरांतले दूधवाले वासरू मेल्यावर किंवा ते पाळणं परवडेना झाल्यावर गायीच्या योनीत हवा फुंकत. वेदनेच्या आणि ताणाच्या त्या धक्क्याने दूध उतरे. याला फुंका म्हणत. मेंढीवरचे प्रयोग १९८३ मध्ये जे सांगणार होते, की त्या मार्गावरचा ताण ऑक्सिटोसिन आणि आईपण जागं करतो, ते या क्रूर हातांना अनुभवाने सापडलेलं होतं. १८९० च्या प्राणिक्रूरता कायद्यात फुंक्याला शिक्षा होती. १९६० च्या कायद्याचं बारावं कलम आजही त्याचं नाव घेऊन बोलतं. गांधीजींनी गायी-म्हशींचं दूध सोडलं त्यामागे कलकत्त्यातल्या फुंक्याची माहिती हे एक मोठं कारण होतं. आजारपणातून उठताना, १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत, कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीच्या दुधाला कबूल झाले.

फुंक्याची जागा पुढे सुईने घेतली. वासरू नसलं तरी दूध उतरावं म्हणून जनावराला टोचलं जाणारं द्रव्य ऑक्सिटोसिनच आहे. मातृत्वाचं काम करणारं संप्रेरक बाटलीत भरून आईपण वगळायचं, असा हा व्यवहार आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला मनाई केली. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. न्यायालयाचं बरोबर होतं; माणसाच्या आईला या औषधापासून तोडता येत नाही. म्हणूनच गोठ्यातला गैरवापर थांबवायची जबाबदारी कारखान्यावर ढकलून भागणार नाही. ती दूध संकलन केंद्रांनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी उचलायला हवी.

किनाऱ्यावर या गोष्टीला वेगळं वळण मिळतं. देवगडचं तांबळडेग, वेंगुर्ल्याचं वायंगणी इथे थंडीत ऑलिव्ह रिडले माद्या येतात, शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरतात आणि निघून जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात तेव्हा आई कुठेच नसते. त्यांनी ओळखायचा तो किनारा. १९८४ मध्ये अमेरिकेत ग्रासमन आणि सहकाऱ्यांनी केम्प्स रिडले या सख्ख्या जातीच्या पिल्लांवर प्रयोग केला. अंडी मेक्सिकोची, पण ती टेक्सासमधल्या पाद्रे बेटाच्या वाळूत उबवलेली आणि पिल्लं त्या बेटाच्या पाण्यात सोडून परत उचललेली. चार महिन्यांनी वेगवेगळं पाणी पुढे ठेवलं तेव्हा पिल्लं पाद्रेच्या वाळू-पाण्याच्या वासाकडे जास्त वेळ रेंगाळली. १९९६ पासून त्या योजनेतली कासवं पाद्रे बेटावर अंडी घालायला येऊ लागली. लांबच्या प्रवासात कासवं पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालतात, हे केनेथ लोमन यांच्या कामाने दाखवलं आहे. वासाचं काम असेल तर ते किनाऱ्याजवळचं. आणि प्रत्येक मादी जन्माच्याच वाळूला बांधलेली असते असंही नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सगळा द्वीपकल्प वळसा घालून ती आली होती. तरीही घरट्यातून निघालेल्या पिल्लाला ओल्या वाळूवरून स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत जाऊ द्यायचं, ही आपल्या कासवमित्रांची शिस्त योग्यच आहे. छायाचित्रासाठी पिल्लू हातात घेणाऱ्या पर्यटकाला ती तेवढ्याच कडकपणे सांगितली पाहिजे.

याच किनाऱ्यावर, मालवणच्या पाण्यात, वासाशिवाय आईपण निभावणारा प्राणीही आहे. किनाऱ्यालगत दिसणारे कुबडवाले डॉल्फिन दातांच्या देवमाशांच्या कुळातले, आणि या कुळाने उत्क्रांतीच्या ओघात वासाची इंद्रियं गमावली. डॉल्फिनच्या काही जातींत प्रत्येकाची स्वतःची शीळ असते आणि आई व पिल्लू त्या शिळेवर एकमेकांना शोधतात, हे १९६५ पासूनच्या अभ्यासातून पुढे आलं. वास गेला तर आवाज लागतो. म्हणून बोटींचा गोंगाट पाण्याखाली काय पुसून टाकतो, हा प्रश्न डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या प्रत्येक बोटीशी जोडलेला आहे.

खाडीत काळुंदर हा मासा आहे. नर-मादी दोघं मिळून अंडी आणि पिल्लं राखतात. काळुंदरच्याच कुळातल्या दुसऱ्या जातींवर १९६० च्या दशकापासून झालेल्या प्रयोगांत पिल्लं आई-बापाच्या टाकीतलं पाणी वासावरून निवडताना दिसली. तांबं पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी माशांची वासाची शक्ती मंदावते, हे अमेरिकेतल्या सामन माशांवर सिद्ध झालेलं आहे. आपल्या सुपारीच्या बागांवर कोळेरोगासाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबंच. पावसाळ्यात बागेचं पाणी खाडीला मिळतं. आपल्या खाड्यांमधलं तांबं नियमित मोजणं हे कृषी विद्यापीठाच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या आवाक्यातलं काम आहे, आणि ते व्हायला हवं.

शेवटी माणूस. गाय व्याली की आपण खरवसाची वाट पाहतो; वासराच्या वाट्याचा चीक आपल्याला पक्वान्न वाटतो. आणि माणसाच्या आईला येणारा तोच चीक आपल्याच घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाईट दूध म्हणून पिळून टाकला आणि बाळाच्या तोंडी मध किंवा गुळाचं पाणी घातलं. परंपरा गोठ्यात शहाणी होती आणि माजघरात चुकत होती, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. बाळाच्या बाजूने पुरावे साठत गेले. १९७५ मध्ये ऑक्सफर्डच्या एडन मॅकफार्लेन यांनी आईच्या छातीशी ठेवलेल्या कापडाच्या घड्या बाळांच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. थोड्या दिवसांची बाळं स्वतःच्या आईच्या घडीकडे तोंड वळवत होती. १९९४ मध्ये वारेन्डी आणि सहकाऱ्यांनी आयांचा एक स्तन धुतला, एक तसाच ठेवला. ३० नवजात बाळांपैकी २२ न धुतलेल्याकडे गेली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला आईच्या पोटावर ठेवलं तर ते सरपटत स्वतःहून छातीशी पोचतं, हे स्वीडनमध्ये नोंदलं गेलं. ते भारतातल्या प्रसूतिगृहांपर्यंत पोचवण्याचं मोठं काम मुंबईच्या डॉ. प्रशांत गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफच्या साथीने २००७ मध्ये केलं. बाळाच्या हातांना लागलेलं गर्भजल पुसू नये, असं त्या रीतीत आवर्जून सांगितलं जातं. उंदरिणीच्या धुतलेल्या सडांची आठवण इथे होते.

आणि आपण आज कुठे आहोत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं फक्त ४१.८ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर होतं. देशाच्या या दोन आकड्यांमधल्या दरीला गरिबी किंवा अंतर हे कारण लावता येत नाही, कारण ती बाळं जन्मली तेव्हा दवाखान्यातच होती. त्यांतल्या अनेकांना पुसून, तोलून, गुंडाळून दुसऱ्या खोलीत नेलं गेलं. सिझेरियनच्या टेबलावरही आई आणि बाळ ठीक असतील तर बाळ छातीशी देता येतं. पहिली आंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकलावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे करायला नवं यंत्र लागत नाही. जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत प्रत्येक प्रसूतीच्या नोंदीत बाळ आईच्या अंगाशी किती वाजता दिलं, हा एक रकाना असावा आणि दर महिन्याला तो वाचला जावा. पशुसखींच्या प्रशिक्षणात कन्याळ शेळीच्या विण्याचे पहिले तास शिकवले जावेत: करडू लगेच उचलू नका, फडक्याने कोरडं करू नका, चीक आधी करडाच्या पोटात जाऊ द्या. आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं असेल तर ती व्यायच्या वेळीच, तिच्याच गर्भजलात त्याचं अंग भिजवून तिच्यापुढे ठेवा. आणि प्रसूतिकक्षात बाळाचं वजन, पायाचा ठसा, नातेवाइकांना दाखवणं हे सगळं एक तास थांबवा. त्या तासानंतरही या प्रत्येक कामाला पुरेसा वेळ असतो.